आजोबांच्या कॅसेटी आणि माझा शेऱ्याचा रकाना

नाताळात व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी मला जे काम नेमून दिलंत, ते निम्म्याहून थोडं पुढे गेलं आहे. आजोबांच्या सगळ्या कॅसेटी ऐकायच्या, प्रत्येकीबद्दल मनात येईल ते एका ओळीत लिहायचं, आणि त्यावरून तुम्ही ठरवणार की कुठली गाणी संगणकावर उतरवायची आणि कुठली कपाटातच राहू द्यायची. "आजी, सहज म्हणून लिही हं, पेपर तपासल्यासारखं नको," असं थोरलीने बजावलं होतं. मी दुसऱ्याच दिवशी दोनशे पानी वही आणली आणि पट्टीने रकाने आखले: अनुक्रमांक, डबीवरचा मजकूर, गाण्याचा प्रकार, शेरा. सहज लिहायचं असलं तरी ते कुठेतरी सरळ रेषेत लिहायला हवं.

वही पूर्ण झाली की तुम्हाला पाठवीन. पण ती वाचताना दिसेल की मध्यावर एक शेरा खोडलेला आहे, आणि त्याच्यापुढचे शेरे एका ओळीत मावलेले नाहीत. हायस्कुलात चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण माझ्या वहीत कधी खाडाखोड झाली नाही. आजीचं वय झालं असा अर्थ तुम्ही काढण्याआधी खरं कारण लिहून ठेवते. तुम्हाला मराठी वाचता येतं, फक्त कंटाळा येतो, हे मला ठाऊक आहे. तरी एवढं वाचा.

आजोबांच्या कॅसेटींचं लोखंडी कपाट तुम्ही पाहिलेलं आहे. धाकट्याने एकदा त्यातली फीत ओढून अंगणातल्या शेवग्याला गुंडाळली होती, आणि आजोबा दोन दिवस कोणाशी बोलले नव्हते. इथे राहुरीला कृषी विद्यापीठात ते बियाण्यांच्या विभागात होते. नोकरी भाताची आणि ज्वारीची, पण गावोगाव फिरताना जीपमध्ये टेपरेकॉर्डर असायचा. त्यामुळे या कपाटात शास्त्रीय मैफली आहेत, नाटकातली पदं आहेत, सिनेमाची गाणी, लावण्या, इंग्रजी गाणी, आपल्या चर्चची मृदंगावरची भजनं, आणि उसाच्या बेण्याला औषध कसं लावावं याचं एक गाणंसुद्धा आहे. ते शेवटचं चालीला उत्तम आहे. औषधाचं प्रमाण मला अजून पाठ आहे.

या कपाटावर बोलण्याचा अधिकार घरात एकाच माणसाला होता. लग्न झालं त्या वर्षी मी एका प्रसिद्ध गवयाबद्दल "यांना सर्दी झाली आहे का?" असं विचारलं, आणि त्या दिवसापासून मला सूर कळत नाही हे ठरून गेलं. मी वादही घातला नाही. प्रत्येकाचा एक विषय असतो. त्यामुळे तुम्ही शेरे लिहायला मला सांगितलंत तेव्हा आजोबांनी चष्म्यावरून आधी फोनकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. पण नको म्हणाले नाहीत. उलट वेळ त्यांनीच ठरवली. रोज चार वाजता, चहानंतर, एक कॅसेट.

पद्धत अशी. आजोबा डबी वाचणार, कॅसेट काढणार, यंत्रात घालणार. त्या यंत्राला मला हात लावायची परवानगी नाही. मग ते डोळे मिटून, एक हात टेबलावर पालथा ठेवून बसणार. मी समोर वही घेऊन. संध्याकाळी बातम्या बघताना ते चष्मा लावून, पेन्सिल खुपसून ती कॅसेट हाताने उलटी गुंडाळणार, कारण यंत्र फीत चावतं. सकाळी माझी वही उघडून शेरा वाचणार आणि खाली बारीक अक्षरात पेन्सिलीने आपलं मत लिहिणार. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या. सत्तरी उलटल्यावर माझी वही रोज तपासली जाऊ लागली.

सुरुवातीचे काही शेरे तुमच्यासाठी उतरवते.

एका शास्त्रीय गायिकेबद्दल: "बाई एकाच शब्दाभोवती वीस मिनिटं फिरतात. शब्द 'या' असा आहे. इतक्या वेळात कोणीही आलं असतं." खाली पेन्सिलीने: "तुला कळणार नाही."

जाड आवाजाच्या एका इंग्रजी गायकाबद्दल: "हा दर गाण्यात घरी परत निघतो. बारा गाणी झाली, अजून पोचलेला नाही." पेन्सिल: "पोचला तर गाणार काय?"

एका सिनेमाच्या गाण्याबद्दल: "नायक चंद्राला, वाऱ्याला आणि ढगाला तिचा पत्ता विचारतो. तिच्या वडिलांना विचारलं असतं तर काम झालं असतं." पेन्सिल: "बासरीबद्दल काही?"

बासरीबद्दल मला काही म्हणायचं नव्हतं. बासरी होती, एवढंच.

आपल्या चर्चच्या गायक मंडळाची कॅसेट लागली तेव्हा मी लिहिलं, "भजन सुंदर. पण माझी एक नणंद सगळ्यांच्या अर्धा शब्द पुढे आहे." आजोबांनी तिथे बरोबरची खूण केली. तीस वर्षं ते मंडळ त्यांनीच चालवलं होतं आणि पायपेटीही तेच वाजवायचे. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांमुळे पायपेटीचा भाता मारता येत नाही म्हणून त्यांनी ते सोडलं. गुडघे दुखणारा माणूस रोज सकाळी कालव्यापर्यंत चालत कसा जातो, हा प्रश्न मला पडला होता. विचारायचा राहून गेला.

आता त्या खोडलेल्या शेऱ्याचं सांगते.

त्या दिवशी डबीवर आजोबांच्या अक्षरात 'मारवा, रेडिओवरून' असं होतं. मारवा हा संध्याकाळचा राग, आणि आजोबांचा फार आवडता. डबी हातात आल्यावर ते सावरूनच बसले. चष्मा खिशात, डोळे मिटलेले, हात टेबलावर. कॅसेट सुरू झाली.

आधी एक मोठा ढोल. मग क्लॅरिनेट. मग सगळा बँड एकदम, सिनेमाचं गाणं, मागे फटाके आणि त्या सगळ्याच्या वरून माझ्या भावाचा आवाज: "जीप मागं घ्या! अहो, जीप मागं घ्या!"

ही तुमच्या बाबांच्या लग्नाची वरात होती. नवरदेवाची जीप देवळाली प्रवराच्या रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्यांमध्ये अडकली होती आणि बँड अर्धा तास एकाच जागी वाजत होता. मी पेन खाली ठेवलं आणि आजोबा यंत्रावर कधी झडप घालतात याची वाट पाहू लागले.

आजोबांनी हळूच मान हलवली.

"वा," ते म्हणाले. "रिषभ बघ कसा लावलाय. अधांतरी ठेवलाय नुसता."

तेवढ्यात आपल्याकडे भांडी घासायला येतात त्या मावशी साबणाच्या हातांनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"अवं बाई, कुनाची वरात आली म्हनायची? मी म्हन्लं रस्त्यावर हाय का काय, तर हितं घरातच!"

आजोबांनी डोळे उघडले. मावशी काहीतरी बोलत आहेत एवढं त्यांना दिसलं. त्यांनी हात वर करून त्यांना थांबवलं. "शांतपणे ऐका जरा. आता समेवर येतील."

"येतील की," मावशी म्हणाल्या. "घोडं आडलं आसंल." मग माझ्याकडे वळून, पदराने तोंड झाकून, "बाई, सायेब नाचायचं म्हनत्यात व्हय?"

मी मावशींना खुणेने आत पाठवलं. आजोबांनी पुन्हा डोळे मिटले. क्लॅरिनेट किंचाळत होता, माझा भाऊ जीप मागे घ्यायला सांगत होता, आणि आजोबा माझ्यासमोर अतिशय शांतपणे मारवा ऐकत होते.

कळायला मला तेवढा वेळ लागला, हे आता खरं वाटत नाही. लग्न झाल्यापासून हे माझं ऐकत नाहीत. त्यामुळे त्यांना ऐकू येत नाही, हे वेगळं कसं ओळखायचं? पण त्या बँडच्या गदारोळात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. टीव्हीवर फक्त खाली अक्षरं येणाऱ्या बातम्या. पायपेटी आणि गुडघे. धाकट्या, तू फोनवर हात मोडल्याचं सांगितलंस तेव्हा आजोबा "छान, छान, असंच चालू ठेव" म्हणाले होते. तू रागावला होतास. आता रागावू नकोस.

वरात पूर्ण संपेपर्यंत आम्ही बसलो. ते "छान" म्हणून उठले आणि माझ्यासमोर शेऱ्याचा रकाना रिकामा राहिला.

माझी अडचण समजून घ्या. खरं लिहावं, तर सकाळी चहाच्या आधी ते वाचणार. तीस वर्षं दुसऱ्यांचे बेसूर पकडलेल्या माणसाला, तुम्ही वरातीला वा म्हणालात, हे मी माझ्या अक्षरात कळवायचं. त्यानंतर ते चार वाजता त्या खुर्चीत पुन्हा बसले नसते, हे मला नक्की माहीत होतं. आणि खोटं लिहावं, तर वही खोटी. आख्ख्या नोकरीत मी एका मुलाला एक गुण फुकट दिलेला नाही. हेडमास्तरांच्या पुतण्यालाही नाही.

मी लिहिलं: "मारवा. गंभीर. संध्याकाळची उदासी चांगली उतरली आहे. जरूर ठेवावी."

अक्षर छान आलं होतं. मला वाटलं, मोठं मन दाखवलं आपण.

एक गोष्ट मात्र मी विसरले. संध्याकाळी आजोबा चष्मा लावून कॅसेट गुंडाळतात, आणि कॅसेटवर वेगळी चिठ्ठी चिकटवलेली असते.

सकाळी वही उघडली तर माझ्या शेऱ्याखाली पेन्सिलीने चार ओळी होत्या. "साफ चूक. ही वरातीची कॅसेट आहे. क्लॅरिनेटवाला बेसूर होता हे मी लग्नातच म्हणालो होतो. मागच्या वर्षी घराला रंग दिला तेव्हा सगळ्या डब्या साबणाने धुऊन उन्हात वाळत कोणी घातल्या होत्या? अदलाबदल तुझी. शेरा खरा लिही."

डब्या मीच धुतल्या होत्या. सगळ्या एकसारख्या चकचकीत झाल्या होत्या, आणि मला त्याचा फार अभिमान होता.

चहा घेऊन मी ओट्यावर गेले. आजोबा पेपर वाचत होते. मी मोठ्याने म्हणाले, "कधीपासून?"

त्यांनी पेपर खाली ठेवला, खिशातून एक लहानशी डबी काढली, आणि त्यातलं यंत्र सावकाश कानात बसवलं. ते नगरहून कधी आणलं ते त्यांनी सांगितलं नाही. मागच्या वर्षी पेन्शनचा दाखला द्यायला म्हणून दोनदा नगरला गेले होते, त्यातली एक खेप असावी.

"हं, आता बोल. आणि ओरडू नकोस. मला येत नसलं तरी शेजाऱ्यांना ऐकू येतं."

"कधीपासून म्हणते मी!"

"दोन वर्षं झाली. आधी बारीक आवाज गेले. बायकांचे गेले."

"सगळ्या बायकांचे?"

"तुझा राहिला होता बराच," ते म्हणाले. "शिस्तीचा आवाज शेवटपर्यंत टिकतो."

"आणि हे यंत्र असून लावत का नाही?"

"बोलणं येतं याच्यातून. गाणं लावलं की पातेल्यात चमचे टाकल्यासारखं होतं. ते ऐकण्यापेक्षा आठवलेलं बरं."

"मग काल आठवणीतून वा म्हणालात?"

"टेबलावरच्या हाताला ढोल लागतच राहिला, तेव्हा शंका आली होती," आजोबांनी कबूल केलं. "मारव्यात एवढा ढोल कुठला? पण तोवर एकदा वा म्हणून बसलो होतो. मागे कसं फिरणार? त्यात त्या मावशी समोर."

मला हसू आलं. त्यांना नाही आलं. त्यांनी कपातला चहा संपवला आणि म्हणाले, "डबी वाचली की मैफल आठवते मला. फक्त गाणं कुठवर आलंय ते कळत नाही, आणि काय वाजलं तेही नक्की कळत नाही. म्हणून सकाळी वही बघतो तुझी."

"माझे शेरे? त्यात काय असतं बघण्यासारखं?"

"काही नसतं. 'बासरी होती.' अशा शेऱ्यावर कोणी पास करणार नाही तुला. पण खोटा एकही नव्हता. कालपर्यंत."

मी कप उचलून आत आले. वर्गात मुलं कॉपी करताना सापडली की त्यांना काय वाटत असेल, याचा मी कधी विचार केला नव्हता. इतकी वर्षं वाटत होतं, हे माझी वही तपासतात. ते माझ्या वहीतून ऐकत होते. आणि मी दया म्हणून त्यातच खोट मिसळली होती.

शेरा मी पट्टी धरून खोडला. खाली लिहिलं: "वरातीचा बँड. ढोल दणकट, क्लॅरिनेट बेसूर. मागे माझा भाऊ. लेखिकेने आधी खोटं लिहिलं होतं." आजोबांनी बरोबरची खूण केली, आणि 'मागे' खोडून 'सर्वांत पुढे' असं लिहिलं.

त्यानंतर पद्धत बदलली. बाजारातून मी एक मोठी पाटी आणली. चार वाजता कॅसेट सुरू झाली की मी पाटीवर लिहीत जाते आणि आजोबा बाजूला बसून वाचतात. कानातलं यंत्र तेव्हा त्याच्या डबीत असतं. सुरुवातीला मी लिहायचे, "गायक गात आहेत." ते म्हणायचे, "गाणारच. वर गेला की खाली?" मग मी वर आणि खालीचे बाण काढू लागले. "तबला आला का? कधी आला? आल्याबरोबर लिही, माझा सगळा हिशोब चुकतो." एकदा मी लिहिलं, "आवाज थकल्यासारखा वाटतो," तर म्हणाले, "कुठल्या शब्दावर?" मला माहीत नव्हतं. कॅसेट मागे नेली, पेन्सिलीने, आणि पुन्हा ऐकली. शब्द सापडला. ते म्हणाले, "हां. तिथेच थकायचा तो. बरोबर."

अशा रीतीने तुमची सूर न कळणारी आजी रोज चार वाजता गाण्याच्या परीक्षेला बसते. बासरी कधी येते, कधी थांबते, तिच्या आधी सतार काय करते, सगळं आता माझ्या रकान्यात आहे. मला त्यात आनंद होतो का, असं तुम्ही विचाराल. वेळ लागतो, एवढं नक्की. दिवसाला एका कॅसेटऐवजी अर्धी होते. मावशीही मदतीला असतात. लावणी लागली की त्या हात धुऊन बाहेरच येतात. "लिवा बाई, इथं घुंगरू लई जोरात हाय," असं सांगतात, आणि घुंगरांच्या बाबतीत आजोबा माझ्यापेक्षा त्यांचं जास्त मानतात.

तो मारवा कुठे गेला, तेही लक्षात आलं. डब्या बदलल्या होत्या म्हणजे तो लग्नाच्या डबीत गेला, आणि लग्नाची डबी तुमच्या बाबांनी मागच्या खेपेला आठवण म्हणून तिकडे नेली. तेव्हापासून त्यांनी तो एकदाही काढून ऐकलेला नाही, हे यावरून सिद्ध होतं. त्यांना तसं कळवा. कॅसेट शोधा, आणि तिच्यावरचा शेरा तुम्ही दोघांनी लिहून पाठवा. एक ओळ चालणार नाही.

काल राजूरकडची कॅसेट लावली. ही तुम्ही सगळ्यांत आधी उतरवून घ्या. आजोबा भाताच्या वाणासाठी डोंगरात जायचे तेव्हा रोपांची लावणी करणाऱ्या बायकांचं गाणं त्यांनी बांधावर उभं राहून घेतलं होतं. गाणं संपल्यावर त्यांचा तरुण आवाज येतो, "पुन्हा एकदा म्हणता का?" आणि एक बाई म्हणते, "एकदाच म्हन्तो आमी. भात काय दोनदा लावायचा का?" मग सगळ्या हसतात. हे आजोबांना तोंडपाठ आहे. पाटीवर लिहायच्या आधीच त्यांनी मला म्हणून दाखवलं.

पण मी आता ऐकायला शिकले आहे, त्यामुळे आणखी एक गोष्ट ऐकू आली. या बायका ओळ संपवतात, आणि मग फार लांबून, बहुतेक खालच्या कुठल्या तरी शेतातून, दुसऱ्या बायका तीच ओळ परत म्हणतात. अगदी बारीक. मी पाटीवर लिहिलं. आजोबांनी वाचलं, पुन्हा वाचलं.

"हे तिथे नव्हतं," ते म्हणाले.

"आहे."

"मी बांधावर उभा होतो. मला नाही ऐकू आलं."

"तुम्ही टेपरेकॉर्डरचे काटे बघत असाल."

त्यांनी कॅसेट मागे न्यायला लावली. मी पुन्हा ऐकलं. मग तिसऱ्यांदा, यंत्राला कान लावून, आणि मावशींनाही ऐकायला लावलं. "हाय की," मावशी म्हणाल्या. "खालच्या अंगाला हायेत दुसऱ्या बाया." मी पाटीवर लिहिलं: "आहे. दर ओळीला. चार बायका असाव्यात, पाचही असतील." आजोबांनी पाटी स्वतःकडे वळवून घेतली. हात टेबलावर होता, पण इतक्या लांबचा आवाज हाताला कुठून लागणार?

आज सकाळी वही उघडली. शेऱ्याखाली पेन्सिलीने लिहिलं होतं: "तपासून घेता येत नाही. मान्य."